गच्चीवरून टिपलेला मृगाचा तेजोमेघ

मृग नक्षत्र तुम्ही ओळखताच. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सापडले की त्यांच्या दक्षिणेला लहानशा ओळीत काही फिकट ठिपके दिसतात. त्यांतील मधला धूसर ठिपका म्हणजे मृगातील तेजोमेघ. सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे व त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. फेब्रुवारीच्या आरंभी रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईहून तो दक्षिण क्षितिजापासून ६६ अंश उंच असतो. त्यामुळे अंधेरी-घाटकोपरच्या इमारतीही सहसा त्याच्या आड येत नाहीत.

समजा, ५० मि.मी. भिंगाचा कॅमेरा तिपाईवर बसवून तुम्ही त्याचे पाच सेकंदांचे छायाचित्र घेतले. हाती काय येईल? मळकट आकाश आणि त्यात एक गुलाबीसर डाग. पुस्तकात पाहिलेले पंख पसरलेले रूप कोठे गेले? ते तुमच्या चित्रातही आहे, पण दडलेले आहे. ते बाहेर काढण्याच्या कामाला छायाचित्राचे संस्करण म्हणतात. हे रंगरंगोटीचे काम आहे असा पुष्कळांचा समज असतो. खरे तर ती बेरीज-वजाबाकी आहे.

पावसात अंगणात दोन सारखी भांडी मिनिटभर ठेवली, तर दोहोंत पडलेल्या थेंबांची संख्या तंतोतंत सारखी नसते. प्रकाशही असाच कणाकणांनी येतो. सरासरी १०० कण येत असतील, तर प्रत्यक्ष संख्या सुमारे १० ने कमीजास्त होते. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, हे लक्षात ठेवा.

आता हिशेबासाठी काही आकडे मानू. बोरिवलीच्या गच्चीवर एका छायाचित्रात कॅमेऱ्याच्या एका बिंदूवर तेजोमेघाच्या फिकट कडेचे २० कण पडले आणि शहराच्या दिव्यांचे १०००. एकूण १०२०, चढउतार सुमारे ३२. म्हणजे २० कणांचा तेजोमेघ ३२ च्या चढउतारात बुडाला! अशी १०० छायाचित्रे मिळवली तर? तेजोमेघाचे २००० कण झाले, पण चढउतार १० पटच वाढून ३२० च्या आसपास राहिला. आता तेजोमेघ चढउताराच्या सहापट आहे. तो स्पष्ट दिसणारच.

मग शहराचे १००० कण आधीच वजा केले तर? ते वजा करायचेच असतात, पण वजाबाकीने फक्त सरासरी उजेड जातो. त्याचा चढउतार मागे उरतो. म्हणूनच अंधाऱ्या आकाशाला मोल आहे. मुंबईचे खगोल मंडळ आकाशदर्शनासाठी कर्जत मार्गावरच्या वांगणीला जात आले, ते उगाच नव्हे. तेथे शहराचे १००० ऐवजी १०० कण धरले, तर १०० छायाचित्रांचे काम १२ मध्ये होते. (हिशेब स्वतः करून पाहा.) पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड गाळणीने बराचसा अडवता येई. आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने तो अडवणे अवघड झाले आहे.

एकच लांबलचक छायाचित्र का घेऊ नये? कारण पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा ५१ मिनिटे त्यांची दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरत होती. तुमच्या तिपाईला ते जमणार नाही. तितका वेळ पाच-पाच सेकंदांत भरून काढायचा तर ६१२ छायाचित्रे लागतील. सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या मोफत संगणक-आज्ञावली ताऱ्यांवर तारे जुळवून ही बेरीज करतात. छायाचित्रे मात्र रॉ स्वरूपात घ्या. जेपेग स्वरूपात कॅमेरा स्वतःच्या मताने बरीच माहिती टाकून देतो. शिवाय भिंगावर झाकण ठेवून तितक्याच वेळाची वीसएक काळी छायाचित्रे घ्या. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष त्यांत उमटतात. ते वजा करता येतात.

बेरीज-वजाबाकी झाली तरी चित्र काळेच दिसेल. घाबरू नका. अंधुक भाग उजळण्यासाठी आता ते ‘ताणायचे’ असते. ताणताना तेजोमेघाच्या मध्यावर नजर ठेवा, नाहीतर तेथील चार ताऱ्यांचा छोटा समूह पांढऱ्या डागात बुडतो.

रंगांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यात आपल्याकडचाही एक धागा आहे. तांबडा रंग हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. साध्या कॅमेऱ्याची गाळणी तो बराचसा अडवते, म्हणून तेजोमेघ गुलाबीच दिसतो. हिरवट छटा मात्र ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेची. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. नॉर्मन लॉकियर म्हणत, मॅग्नेशियमची. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ मध्ये निरीक्षणे प्रसिद्ध केली. रेषा त्यांना बारीक व रेखीव दिसली. मॅग्नेशियमच्या पट्ट्याशी ते जुळत नव्हते. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले, की दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ही रेषा आहे. तेव्हा चित्र गडद लाल करण्याच्या भरात ही हिरवट छटा पुसू नका.

हल्ली काही संगणक-आज्ञावली नसलेले तपशीलही सफाईने भरून देतात. तुमच्या चित्रातला एखादा नाजूक धागा खरा की खोटा, हे ओळखण्याचा एक उपाय आहे. १०० छायाचित्रांचे ५०-५० चे दोन गट करा आणि दोन्ही गटांवर अगदी सारखे साधे संस्करण करा. दोन्ही चित्रांत तोच धागा त्याच जागी उमटला तर तो बहुधा तेजोमेघाचा. एकाच चित्रात दिसला तर तो चढउताराचा खेळ समजा आणि आणखी एका रात्री गच्चीवर जा.