काट्यावरची नोंद आणि गेलेली वीज



पनवेल-करंजाकडे ज्यांचे पाहुणे आहेत, त्यांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकल गाड्या जागीच उभ्या राहिल्या. ऐन हंगामात काट्यावर अशी वीज गेली तर आपल्या वजनाचे काय, हे समजून घेऊ.

संगणकात हल्ली फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसवतात. तिच्यात फिरणारा भाग नाही, म्हणून काम झटपट होते. पण यात एक मेख आहे. आलेली नोंद बऱ्याचदा आधी कच्च्या वहीत, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत पडते आणि मागाहून पक्क्या खात्यात उतरते. मध्येच वीज गेली की कच्ची वही कोरी! कोणती नोंद कुठे ठेवली ही यादीच बिघडली, तर जुने खातेही उघडत नाही.

यावर उपाय आहे. मोठ्या कामाच्या एसएसडीत कपॅसिटर असतात. त्यांतली साठवलेली वीज क्षणभर पुरते, तेवढ्यात कच्च्याचे पक्के होते. त्यामुळे प्रत्येक नोंदीला पक्क्या खात्यासाठी थांबावे लागत नाही, सबब वेगही टिकतो. स्वस्त घरगुती मालात ही सोय सहसा नसते. यूपीएस हवाच, पण तोही दगा देतो, म्हणून रोजची दुसरी प्रतही हवी.

आमचे सांगणे एवढेच, की काटा पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू नका आणि उसाचे बिल हाती पडेपर्यंत ती जपून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी