प्रवासांतील दुसरा कॅमेरा

छायाचित्रणाचा नाद लागलेल्या मनुष्याचें ओझें हळूहळू वाढत जातें, आणि हौसेच्या भरांत तें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. ध्यानांत येतें तें प्रवासांत, मान अवघडल्यावर.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही सारीं मंडळी नर्मदातीरीं महेश्वरास गेलों होतों. माझ्या मोठ्या कॅमेऱ्याचें वजन भिंगासह दोन किलोंच्या घरांत. पहिल्या दिवशीं तो अहिल्याबाईंच्या वाड्यांत व घाटावर गळ्यांत वागवून मी इतका थकलों, कीं दुसऱ्या पहांटे त्यास धर्मशाळेंतच ठेविलें. नेमक्या त्याच पहांटे आजी धाकट्या वहिनीचा हात धरून शेवटच्या पायरीवर बसली आणि पाण्यांत पाय सोडून लहान मुलीसारखी हंसली. कोणीं तरी तें मोबाइलवर टिपलें; पण अपुऱ्या उजेडांत चेहरा धूसरच आला. आजीचा तो शेवटचा प्रवास ठरला. त्या धूसर चित्रानेंच मला दुसऱ्या, हलक्या कॅमेऱ्याचा विचार करावयास लाविलें.

लहान तें दुय्यम, असें मात्र समजूं नये. जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यांतले ऑस्कर बारनाक यांस दम्याचा विकार होता; कांचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा डोंगरावर नेणें त्यांस झेपेना. म्हणून त्यांनीं ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडविला, आणि १९२५ सालीं 'लायका' बाजारांत आला. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांचें कूळ त्या हलकेपणाच्या गरजेंतच आहे.

निवडीची पहिली कसोटी खिशाची. सोनीचा २०१२ चा आरएक्स-१०० बॅटरीसह सुमारें २४० ग्रॅम भरतो, व रिकोचा २०१९ चा जीआर-३ सुमारें २५७ ग्रॅम. उलट फूजीफिल्मचा २०२४ चा एक्स-१००-६ उत्तम असला तरी ५२१ ग्रॅमांचा. तो सदऱ्याच्या खिशांत मावत नाहीं.

दुसरी कसोटी सेन्सरची. 'एक इंची' हें नांवच फसवें. त्याचें खरें माप १३.२ × ८.८ मिलिमीटर. आरएक्स-१०० मध्यें तोच आहे. जीआर-३ चा सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरांचा, म्हणजे क्षेत्रफळानें तिपटीहून अधिक. सेन्सर जितका मोठा, तितका पहांटेच्या मंद उजेडांत चित्राचा दाणा कमी उठतो. बहुतेक मोबाइलांचा सेन्सर याहूनही लहान असतो.

तिसरी कसोटी भिंगाची. झूम सोयीचा खरा, परंतु लहान अंगांत लांब पल्ला बसवावयाचा तर उजेडाचा त्याग करावा लागतो. जीआर-३ ला झूमच नाहीं. जवळ जाणें हें आपल्या पायांचें काम. मीं तोच पत्करिला, कारण दूरचें टिपावयास मोठा कॅमेरा घरांत आहेच. दोघांनीं एकच काम करावें, यांत शहाणपण नाहीं.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. जीआर-३ ची एक बॅटरी सुमारें दोनशें चित्रांत संपते. जादा बॅटऱ्या बाळगाव्या, आणि विमानप्रवासांत त्या सामानांत न देतां हातच्या पिशवींतच ठेवाव्या. डोळ्यास लावून पाहण्याची खिडकी त्यास नाहीं; त्यामुळें भर उन्हांत पडदा नीट दिसत नाहीं. धुळीपासूनही जपावें लागतें.

ज्यांचें समाधान मोबाइलनें होतें, त्यांनीं हा खर्च खुशाल टाळावा. मला मात्र एक धूसर चित्र पुरें झालें. आजीचें तें हंसणें पुनः यावयाचें नाहीं. पण पुढील प्रवासांत आई घाटाच्या पायऱ्या उतरूं लागेल, तेव्हां कॅमेरा धर्मशाळेंत नसावा, माझ्या खिशांत असावा, एवढीच इच्छा आहे.