पपईच्या बुडाशी दडलेला वैरी

सुरत जिल्ह्यातील पपईच्या बागांत पावसाळ्यात एक खेदजनक दृश्य पाहावयास मिळते. कित्येक महिने जोपासलेले, फळांनी लगडलेले झाड साध्या वाऱ्याने बुंध्यापाशी मोडून आडवे होते. दोष वाऱ्याचा नसतो. जमिनीलगतच्या सालीवर आधीच पाणथळ डाग पडलेला असतो. तो बुंध्याला वेढतो, आतील भाग पोखरला जातो आणि पाने पिवळी पडून गळतात. या रोगास बुंधा कुजणे असे म्हणतात.

त्याचे कर्ते पिथियम व फायटोफ्थोरा हे मातीतील सूक्ष्म जीव होत. व्यवहारात आपण त्यांना बुरशी म्हणतो. परंतु आजचे शास्त्र त्यांची गणना खऱ्या बुरशीत न करता त्यांचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी जोडते. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने 1876 साली दिलेल्या फायटोफ्थोरा या नावाचा अर्थच वनस्पतींचा विध्वंसक असा आहे. 1845 पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा जीव याच कुळातला.

या जीवांचे सारे बळ पाण्यात आहे. त्यांच्या बीजाणूंना दोन बारीक शेपट्या असतात, आणि साचलेल्या पाण्यात पोहत ते मुळापर्यंत पोहोचतात. प्रतिकूल काळात ते जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने मातीत दीर्घकाळ निपचित पडून राहतात.

सुरतेकडे त्यांना संधीची वाण नाही. जमीन काळी व चिकण, पाऊस हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि त्यात काकरापारचे व 1972 साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचे कालवे. कालव्यांनी समृद्धी आणली हे निर्विवाद. परंतु निचऱ्यावाचून दिलेल्या पाण्याने काही शेते पाणथळही झाली.

हा प्रश्न एकट्या सुरतेचा नाही. तापीखोऱ्यातच वरच्या अंगाला नंदुरबार-शहाद्याकडे पपईची मोठी लागवड आहे. नागपूरच्या संत्र्यावरील डिंक्या हा तर फायटोफ्थोराचाच प्रताप. तेथे जंबेरीचे खुंट त्यास लवकर बळी पडतात. रंगपूर लिंबाचे खुंट अधिक तग धरतात.

मग उपाय कोणता? प्रथम पाण्याचा बंदोबस्त. पपई उंच गादीवाफ्यावर लावावी, पावसापूर्वी चर खणावेत आणि दुहेरी आळे करून पाणी बुंध्यास भिडू देऊ नये. संत्र्याच्या कलमाचा सांधा मातीत गाडू नये. रोगट झाडे मुळासकट काढून जाळावीत. बोर्डो मिश्रण अवश्य वापरावे. एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व 100 लिटर पाणी हे प्रमाण आहे. मात्र बुंध्याशी पाणी तुंबलेलेच राहिले, तर औषधावरील खर्च बव्हंशी वाया जातो. म्हणून मृगाच्या आधी औषधाच्या दुकानी जाण्यापूर्वी शेतकऱ्याने कुदळ घेऊन आपल्या बागेच्या उताराकडे जावे, हेच श्रेयस्कर.