खेळाच्या पेटाऱ्यात काय असतं?

गेम बनवणारी एखादी कंपनी कारखान्यासाठी किंवा बँकेसाठी सॉफ्टवेअर बनवायला लागली की आपण लगेच म्हणतो, "गेम चालली नसणार, म्हणून दुसरा धंदा धरला." बऱ्याचदा हे निम्मं खरं असतं. उरलेलं निम्मं मात्र जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांच्या घरात "मला गेम डेव्हलपर व्हायचंय" म्हणणारं कुणी आहे, त्यांनी तर ते समजून घ्यायलाच हवं.

मी पेडणे तालुक्यातल्या मोपा गावचा. आमच्याकडे जत्रांचे दिवस आले की दशावतारी मंडळी गावोगाव फिरतात. आज या देवळात एक आख्यान, उद्या पुढच्या गावात दुसरं. आख्यान बदलतं, पण कंपनीचा पेटारा तोच असतो. मुकुट, शस्त्रं, वेश सगळं त्यात. म्हणून तर त्या पेटाऱ्याची पूजा होते. गेम स्टुडिओचंही असंच आहे. गेम म्हणजे आख्यान. ते रंगेल किंवा पडेल. ते उभं करताना जमलेली साधनं आणि हातात आलेलं कसब म्हणजे पेटारा.

या पेटाऱ्यात काय असतं? सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाश, सावल्या, वस्तूंची टक्कर, आवाज सगळं बसवावं लागतं, तेही स्वस्तातल्या फोनवर. शिवाय हजारो खेळाडू एकाच वेळी आले तरी सर्व्हर कोसळता कामा नये. मी स्वतः गेम बनवत नाही, व्यवसायांसाठीचं साधं सॉफ्टवेअर लिहितो. पण अशा तालमीतून आलेला सहकारी टीममध्ये असला की फरक जाणवतो. आम्ही "थोडा वेळ लागेल" असं दाखवणारं चक्र फिरवत ठेवतो, तो ते चक्र मुळात का लागतं हे शोधायला बसतो.

आख्यान पडलं आणि पेटाऱ्याने तारलं, अशी उदाहरणं जगात बरीच आहेत. कोपनहेगनमध्ये २००४ साली तीन तरुणांनी स्टुडिओ काढला. त्यांची 'गूबॉल' ही गेम २००५ मध्ये आली आणि फारशी खपली नाही. पण ती बनवण्यासाठी तयार केलेलं इंजिन त्यांनी इतरांना द्यायला सुरुवात केली. तेच आजचं 'युनिटी'. ऑफिसात आपण वापरतो ते 'स्लॅक'सुद्धा 'ग्लिच' नावाच्या गेमच्या टीमने आपसात बोलण्यासाठी केलेल्या साधनातून आलं. ग्लिच २०१२ मध्ये बंद पडली, स्लॅक २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं.

आपल्या पुण्यातली 'सुपरगेमिंग' ही कंपनीही याच वाटेवर आहे. 'मास्कगन' आणि 'इंडस' या तिच्या गेम्स. त्या चालवताना खेळाडूंच्या जोड्या लावणं, स्पर्धा भरवणं, नवे बदल पोचवणं यासाठी तिने 'सुपरप्लॅटफॉर्म' उभारला. पुढे गुगल क्लाउडबरोबर भागीदारी करून तो इतर गेम कंपन्यांनाही देऊ केला. इथे स्वतःची गेम बंद करावी लागली नाही. पेटारा भाड्याने देता देता आख्यानही चालू राहिलं.

हे सगळं मला गावी गेलो तेव्हा मामांना सांगावं लागलं. माझी मामेबहीण इंजिनिअरिंग करून एका छोट्या गेम स्टुडिओत लागली. वर्षभरात स्टुडिओने तिला गेमवरून काढून कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या थ्रीडी प्रकल्पावर टाकलं. ती हिरमुसली. मामांची चिंता वेगळीच. "खेळ करून पोट भरता रे? मांडवीतल्या कसिनोसारखां काय नाय ना?"

कसिनोचा प्रश्न गोव्यातल्या घरांत येणारच. त्याचं उत्तर सोपं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीच्या गेम्स त्यापासून वेगळ्या ठेवल्या. बहिणीचं काम या दुसऱ्या बाजूचं.

पोटाच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. या धंद्यात चढउतार मोठे. खुद्द युनिटीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे १,८०० जणांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणूनच छोटे स्टुडिओ बाहेरची कामं घेतात. त्या पैशावर पगार होतात. धोका एवढाच की बाहेरच्या कामाला मुदत असते, त्यामागे ग्राहकाचा फोन असतो. स्वतःच्या गेमसाठी कुणी फोन करत नाही. ती "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत राहून जाते.

मामांच्या अंगणातून विमानं उतरताना दिसतात. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या सड्यावर विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून गावात नोकरी म्हटलं की सुरक्षारक्षक, सामान चढवणं, टॅक्सी एवढंच डोळ्यांसमोर येतं. मी बहिणीला कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळाचं उदाहरण दिलं. त्यांनी युनिटीवर आपल्या विमानतळाची हुबेहूब डिजिटल प्रतिकृती उभारली आहे. गर्दी कुठे साचते, कुठला बदल केला तर काय होईल, हे त्यावर पाहता येतं. गेमच्या इंजिनावर शिकलेलं कसब असं विमानतळाच्याही उपयोगी पडतं. सड्यावरच्या जमिनी गेल्या त्या गेल्या, पण तिथली कामं फक्त अंगमेहनतीचीच असतील असं कुणी ठरवलेलं नाही.

तिला मी तीन प्रश्न स्टुडिओला विचारायला सांगितले. बाहेरच्या कामात मी जे शिकेन ते आपल्या गेममध्ये वापरणार का? आठवड्यातले किती तास गेमसाठी राखून ठेवणार? आणि केलेल्या कामावर माझं नाव येणार का? गेम स्टुडिओत नोकरी घेणाऱ्या कुणीही हे पहिल्याच मुलाखतीत विचारावेत.

तिने ते विचारले. पहिल्याचं उत्तर "हो" आलं, तिसऱ्याचंही. दुसऱ्यावर बोलणी अजून चालू आहेत. तोवर शनिवारचा दिवस तिने स्वतःच्या गेमसाठी ठेवलाय. तिच्या गेममध्ये दशावतारातला संकासुर आहे, आणि त्याचा आवाज द्यायला मामा तयार झालेत.