चर्चा की नुसती कुस्ती?

रात्रीची जेवणे उरकली, भांडी घासून झाली, की आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत माणसे टी.व्ही.समोर बसतात. बातम्या लावल्या जातात. पण बातम्या राहतात बाजूला आणि सुरू होते चर्चा. पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक प्रवक्ता, आणि सूत्रसंचालकाचा आवाज सगळ्यांच्या वर. अर्ध्या तासाने घरातली म्हातारी विचारते, "झालं तरी काय रे?" उत्तर कुणालाच देता येत नाही. विषय आरक्षणाचा असला तर बोलायलाच नको. आपली बाजू मांडणारा एखादाच असतो आणि त्याचे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत दुसरे चौघे त्याच्यावर तुटून पडतात.

हा रोग एकट्या आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत तो फार आधी जडला, आणि तिथे त्यावर नेमके बोट ठेवले ते एका विनोदी कलावंताने. ती हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून हा लेखनप्रपंच.

सी.एन.एन. या अमेरिकन वाहिनीवर १९८२ सालापासून 'क्रॉसफायर' नावाचा कार्यक्रम चाले. एक सूत्रसंचालक डाव्या बाजूचा, दुसरा उजव्या बाजूचा. पाहुण्याला मध्ये घ्यायचे आणि दोघांनी दोन्हीकडून फैरी झाडायच्या. १५ ऑक्टोबर २००४ रोजी तिथे जॉन स्टुअर्ट पाहुणा म्हणून आला. राजकारण्यांची आणि वृत्तवाहिन्यांची टर उडवणारा 'डेली शो' हा त्याचा कार्यक्रम तेव्हा तिकडे घरोघर पाहिला जात होता. अध्यक्षपदाची निवडणूक अडीच आठवड्यांवर आली होती. इराकचे युद्ध दीड वर्ष चालू होते, आणि ज्या संहारक शस्त्रांचे नाव सांगून ते पुकारले गेले, ती शस्त्रे सापडलीच नव्हती. अशा वेळी लोकांना खरे काय ते सांगणारे कुणीतरी हवे होते.

सूत्रसंचालक होते टकर कार्लसन आणि पॉल बेगाला. पाहुणा चार विनोद करील, आपल्या नव्या पुस्तकाविषयी बोलेल आणि जाईल, अशी त्यांची समजूत. स्टुअर्टने मात्र सरळ सांगितले, की तुमचा कार्यक्रम नुसता वाईट नाही, तो देशाचे नुकसान करतो आहे, तो थांबवा. आम्ही दोन्ही बाजू मांडतो, चर्चा घडवतो, असा बचाव झाला. त्यावर तो म्हणाला, चर्चा झाली असती तर फारच बरे झाले असते. तुम्ही करता ते नाटक आहे. टी.व्ही.वरच्या ठरवून केलेल्या कुस्तीला खेळाची स्पर्धा म्हणावे, तसे हे. (आखाड्यात घाम गाळणाऱ्या आपल्या पैलवानांनी राग मानू नये, त्यांची कुस्ती खरी असते.) तुम्ही राजकारण्यांना आणि मोठ्या कंपन्यांना मदत करता आणि सामान्य माणूस बाहेर राहतो, हेही त्याने सुनावले. कार्लसन चिडून म्हणाले, आम्हाला वाटले तुम्ही हसवाल. मी तुमचे माकड होणार नाही, असे उत्तर मिळाले.

कार्लसन यांनीही एक टोला हाणला होता. त्या निवडणुकीतले उमेदवार जॉन केरी 'डेली शो'मध्ये आले तेव्हा स्टुअर्टने त्यांना अगदी मऊ प्रश्न विचारले होते. हा आरोप खोटा नव्हता. आपला पडला विनोदी कार्यक्रम, असे म्हणून स्टुअर्टने तो झटकला, हे काही आम्हाला पटत नाही. लाखो लोक ज्याचे ऐकतात, त्याने जबाबदारी झटकू नये. आपल्याकडे सत्यशोधक जलसे झाले, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा झाला. त्यांनीही लोकांना पोट धरून हसवले, पण आम्ही केवळ करमणूक करतो असे ते कधी म्हणाले नाहीत.

तरीही मूळ दुखणे स्टुअर्टनेच ओळखले. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते बसवले, की दोघांना सोयीचे नसलेले प्रश्न आपोआप बाहेर राहतात. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या बायकोला नुकसानभरपाई मिळाली का, हे शोधायला वार्ताहर पाठवावा लागतो, खर्च येतो. चार प्रवक्ते भांडायला बसवणे स्वस्त पडते आणि जाहिरातीही मिळतात. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात हेच सांगितले होते. वृत्तपत्राचा पेशा आता व्यापार झाला आहे आणि साबणाच्या कारखान्याइतकीच त्याची नैतिक जबाबदारी उरली आहे, असा त्यांचा आशय होता. तेव्हा टी.व्ही. नव्हता.

आणि वाद कसा करावा, हे तर आपल्या घरचेच ज्ञान आहे. 'मिलिंदप्रश्ना'त राजा मिलिंद नागसेनांना चर्चेला बोलावतो. नागसेन आधी विचारतात, राजा, पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर करू. राजांसारखी करणार असशील तर नको. पंडितांच्या चर्चेत एकाची चूक दुसरा दाखवतो, पहिला ती मान्य करतो, आणि कुणी रागावत नाही. राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि जो मानणार नाही त्याला दंड करतात. मिलिंदाने पंडितांची रीत कबूल केली, मगच नागसेन बोलायला बसले. आजच्या सूत्रसंचालकाला ही अट घातली तर कार्यक्रम पहिल्या पाच मिनिटांत आटोपेल!

'क्रॉसफायर'चे पुढे काय झाले? जानेवारी २००५ मध्ये सी.एन.एन.च्या प्रमुखांनी तो बंद करण्याचे जाहीर केले आणि स्टुअर्टचे म्हणणे आपल्याला पटते, हेही सांगितले. त्याच वर्षी कार्यक्रम संपला. पण २०१३ साली त्याच वाहिनीने तो पुन्हा सुरू केला, आणि २०१४ साली पुन्हा गुंडाळला. कार्लसन दुसऱ्या वाहिनीवर गेले आणि देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या सूत्रसंचालकांपैकी एक झाले. २०२३ साली त्या वाहिनीने त्यांना निरोप दिला. स्टुअर्टने २०१५ साली 'डेली शो' सोडला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुन्हा एका निवडणुकीच्या वर्षी, तो त्याच खुर्चीवर येऊन बसला, आठवड्यातून एकच दिवस, सोमवारी.