स्वाहिली न शिकता स्वाहिली!

स्वाहिलीतले हे चार शब्द बघा.
निनासोमा: मी वाचतोय.
निलिसोमा: मी वाचलं.
तुतासोमा: आम्ही वाचू.
वालिपिका: त्यांनी स्वयंपाक केला.
आता ‘ते स्वयंपाक करतील’ कसं म्हणाल?

पहिल्या दोन शब्दांत फक्त मधला तुकडा बदललाय, ‘ना’चा ‘लि’ झालाय. म्हणजे काळ तिथे दडलाय! ‘नि’ म्हणजे मी, ‘तु’ आम्ही, ‘वा’ ते, ‘ता’ भविष्यकाळ. जोडा: वातापिका. मराठीत काळाचा प्रत्यय धातूनंतर लागतो, इथे कर्ता आणि काळ दोघंही धातूच्या आधी येऊन बसतात. शिवाय त्या एका ‘तु’मध्ये आपलं ‘आम्ही’ही मावतं आणि ‘आपण’ही. हा फरक मराठीने जपलाय, हे मला अशा कोड्यांमुळेच पहिल्यांदा जाणवलं.

शाळकरी मुलांच्या भाषाशास्त्र ऑलिंपियाडमध्ये अशी, पण बरीच अवघड कोडी असतात. सुरुवात १९६५ साली मॉस्कोत झाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३पासून भरते, २०१६ साली ती म्हैसूरला झाली. वैयक्तिक फेरीत पाच कोडी, सहा तास! जुने प्रश्न उत्तरांसह ऑनलाइन मोफत मिळतात, आणि कोड्यातली भाषा आधी यावी लागत नाही.

आता तुम्ही सांगा, ‘तुलिसोमा’ म्हणजे काय?