वॉल्थॅमची चित्रशाळा

ज्या विद्यापीठाला स्थापन होऊन पुरती पंधरा वर्षेही लोटली नव्हती, ज्याच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्यांतून साचलेला कलासंचय नव्हता आणि ज्याच्या संग्रहालयाचे दार १९६१ मध्ये नुकते कोठे उघडले होते, त्याने आपल्या काळातील चित्रकारांविषयी इतका अचूक कौल द्यावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते. बॉस्टननजीक वॉल्थॅम येथील ब्रँडाइस हे ते विद्यापीठ, आणि एडवर्ड व बर्था रोझ या दांपत्याच्या देणगीतून उभे राहिलेले रोझ कलासंग्रहालय ही त्याची चित्रशाळा.

पहिले संचालक सॅम हंटर यांच्या हाती गेविर्ट्झ-म्नुचिन निधीचे ५०,००० डॉलर आले. एवढ्या रकमेत एखाद्या जुन्या कीर्तिमान चित्रकाराची एकच कृती घेऊन मोकळे होता आले असते. परंतु हंटर यांनी एका कृतीस ५,००० डॉलरहून अधिक मोल मोजावयाचे नाही असा दंडक घातला आणि न्यूयॉर्कची कलादालने व चित्रकारांच्या कार्यशाळा पालथ्या घालून, १९६२-६३ च्या सुमारास एकवीस कृती खरीदल्या. त्या कृतींचे कर्ते डी कूनिंग, जॅस्पर जॉन्स, राउशेनबर्ग, लिक्टेनस्टाइन, रोझेनक्विस्ट ही नावे आज कलेतिहासाच्या कोणत्याही पाठ्यग्रंथात आढळतात. त्या वेळी त्यांतील कित्येकांविषयी जाणकारांतही एकवाक्यता नव्हती.

त्यांपैकी जॉन्स यांचे १९५७ चे ‘ड्रॉवर’ पाहण्याजोगे आहे. वितळलेल्या मेणात कालवलेल्या करड्या रंगाचे थर कॅन्व्हसवर चढविलेले, आणि त्यातच एका खणाची दर्शनी फळी दोन मुठींसह बसविलेली. मुठी दिसताच हात आपसूक पुढे होऊ पाहतो. पण तो खण उघडावयाचा नसतो, आणि चित्र पाहावयाचे की वापरावयाचे हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो. असा प्रश्न विद्यार्थ्याला छापील प्रतिकृतीवरून पडत नाही. मेणाचा तो खडबडीत पृष्ठभाग हातभर अंतरावरून न्याहाळावा लागतो, आणि म्हणूनच विद्यापीठाच्या आवारात मूळ कृती असावयास हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

या संग्रहावर संकट आले ते २००९ च्या जानेवारीत. अमेरिकेतील आर्थिक मंदीने विद्यापीठाच्या कायम निधीला ओहोटी लागली होती. त्यातच न्यूयॉर्कमधील मॅडॉफ या गुंतवणूक व्यावसायिकाच्या अफरातफरीत विद्यापीठाच्या काही मोठ्या देणगीदारांचे हात पोळले होते. अशा स्थितीत विश्वस्त मंडळाने संग्रहालय बंद करून त्यातील कलाकृती विकण्याचा ठराव मंजूर केला. सहा हजारांहून अधिक कृती आणि त्यांची अंदाजे किंमत ३५ कोटी डॉलर, हा आकडा खजिन्याचा हिशेब मांडणाऱ्यास भुरळ पाडणारा होता, हे मान्य करावयास हवे. मात्र कलाकृती विकली तर त्या पैशातून कलाकृतीच घ्यावी, दैनंदिन खर्च भागवू नये, असा अमेरिकन संग्रहालयांच्या व्यवसायाचा तेव्हा संकेत होता. आणि त्याच्या मुळाशी दात्याचा विश्वास होता. आपले चित्र पुढील पिढ्यांच्या नजरेस पडावे म्हणून जो ते देऊन टाकतो, त्याच्या देणगीला गहाणवटीच्या जिनसेची कळा आणणे हा विश्वासभंगच होय. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, संग्रहालयाच्या सल्लागारांपैकी काहींनी न्यायालयात दाद मागितली, आणि अखेर २०११ मध्ये, विक्रीचा मानस नाही असे विद्यापीठाने जाहीर केल्यावर, तडजोड होऊन दावा निकालात निघाला. त्याच वर्षी संग्रहालयाने आपली पन्नाशी साजरी केली.

यानंतर संग्रहालय जुन्या ठेव्यावर विसंबून राहिले नाही, हे मला त्याच्या बचावाइतकेच मोलाचे वाटते. २०१४ मध्ये शिल्पकार ख्रिस बर्डन यांनी प्रवेशद्वारासमोर चोवीस जुने व्हिक्टोरियन दीपस्तंभ ओळींनी उभारले. २०१७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनासाठी मार्क ब्रॅडफर्ड या कृष्णवर्णीय चित्रकाराचे प्रदर्शन मांडण्याची जबाबदारी बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयासह रोझने पेलली. आईच्या केशभूषालयात केस कुरळे करण्यासाठी वापरले जाणारे पातळ कागद चिकटवून ब्रॅडफर्ड यांनी आपली आरंभीची चित्रे घडविली होती.

२०१९ मध्ये चित्रकर्त्री हॉवर्डिना पिंडेल यांच्या दीर्घ कारकिर्दीचे, शिकागोच्या समकालीन कलासंग्रहालयात सिद्ध झालेले प्रदर्शन येथे आले. कचेरीत कागदाला भोके पाडण्याच्या साधनाने कातरून निघालेल्या चिमुकल्या गोल चकत्या पिंडेल फेकून देत नसत. त्या जमवून, काहींवर आकडे लिहून, रंगाच्या थरांत रोवून त्यांनी कॅन्व्हस भरले. लांबून पाहता ते फिकट, शांत रंगक्षेत्र भासते, जवळ गेल्यावर एकेक चकती वेगळी होते. १९७९ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या स्मृतीवर आघात झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चित्रफितीच्या माध्यमातून, गौरेतर स्त्री म्हणून वाट्याला आलेले अपमान कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगितले. ज्या बाईंनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात बारा वर्षे नोकरी केली, त्यांच्या स्वतःच्या कलेचा एवढा विस्तृत आढावा मोठ्या संग्रहालयांनी घ्यावयास त्यांची पंचाहत्तरी उजाडावी लागली. वॉल्थॅमच्या विद्यार्थ्यांना मात्र तो आपल्या वर्गखोल्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहता आला.